दालन क्रमांक तीनमधलं वादळ

चक्रीवादळ येऊन गेल्यावर दीड वर्षानं ते जिल्हा वस्तुसंग्रहालयाच्या दालन क्रमांक तीनमध्ये बसवण्यात आलं. लीना कामत नावाच्या कलावंत बाईंनी ते घाटापलीकडे, विरायच्या बेतात असताना, गाठून आणलं होतं. मांडणीचं नाव होतं 'वारं, आहे तसं'. रोज सकाळी अकराला वारं सुटायचं, किनाऱ्यावरच्या गावांवरून त्या दिवशी ज्या क्रमानं गेलं त्याच क्रमानं फिरायचं आणि सव्वा वाजता पडायचं. सोमवारी सुट्टी.

वाऱ्यानं नेलेलं सगळं वाऱ्यातच होतं. दाराशी पाटी होती: 'आपली वस्तू आढळल्यास परिचरास कळवावे. परस्पर हात लावू नये.' लोक येत, कमरेला सुंभाची दोरी बांधून घेत आणि आपल्या गावाची वेळ होईपर्यंत भिंतीला टेकून उभे राहत. कुणाला वाळत घातलेलं लुगडं मिळालं, कुणाला शाळेची घंटा. अर्ज भरला की आठवड्यात वस्तू हातात यायची.

वेळघरची कुंदा धुरी पहिले चार महिने तिकडे फिरकली नाही. त्या दिवशी तिचा नवरा, दत्ताराम, गोठ्यातली गाय सोडायला बाहेर गेला होता. कुंदा दारात उभी राहून ओरडत होती, "अहो, आत या. राहू दे ती गाय, आत या." तेवढ्यात माड मोडून त्याच्यावर पडला. पुढं दोन वर्षं लोक तिची समजूत घालत राहिले, की त्या वाऱ्यात कुणाला काय ऐकू जाणार. तिला नेमकं तेच सोसवत नव्हतं. आपल्याला कुणी हाक मारली नाही असं वाटून माणूस गेला, एवढंच तिच्या मनात घर करून बसलं होतं.

मग शेजारची सरिता एक दिवस संग्रहालयातून आपल्या कुकरची शिट्टी घेऊन आली. म्हणजे तसं सांगत आली. एसटी स्टँडवर पोचेपर्यंत शिट्टी विरली होती. "आवाजसुद्धा आहेत त्यात, कुंदावहिनी," ती म्हणाली. "एकदा जाऊन या."

कुंदा गुरुवारी गेली. तिसऱ्या दालनाचे परिचर परब यांनी दोरीची गाठ दोनदा ओढून पाहिली.

"वेळघर अकरा चाळीसला येतं, काकू. चाळीस सेकंद असतं. डोळ्यांत माती जाते, तेवढं सांभाळा."

अकरा चाळीसला वेळघर आलं. ओल्या पाल्याचा वास आला, कुणाची तरी छत्री गेली, गाय हंबरली. मग कुंदाला स्वतःचाच आवाज ऐकू आला, दोन वर्षांनी लहान. "अहो, आत या." तो तिच्या कानाला लागून पुढं गेला आणि दालनाच्या पलीकडच्या कोपऱ्यातून, ज्या सुरात तो आयुष्यभर बोलला त्याच सुरात, दत्ताराम म्हणाला, "ऐकलं गं, ऐकलं. ओरडू नकोस, घसा बसेल."

सहा सेकंदांनी माड मोडल्याचा आवाज आला. तो तिनं त्या दिवशीही ऐकला होता.

परबांनी तिला बाहेर आणून बाकावर बसवलं, पाणी दिलं.  वादळाच्या दिवशी तिचा घसा खरंच बसला होता. तेराव्यापर्यंत तिला बोलता येत नव्हतं आणि लोकांना वाटलं होतं, धक्क्यानं.

संग्रहालयाच्या अभिरक्षक केळुसकरबाईंनी अर्ज स्वतः भरून घेतला. वस्तूचं वर्णन या रकान्यात त्यांनी लिहिलं: हाक एक, ओ एक.

"हाक तुमची, ओ वारसाहक्कानं तुमची. दोन्ही मिळतील," त्या म्हणाल्या. "पण परत दिलेली वस्तू पुन्हा वाऱ्यात घेता येत नाही. आणि आवाज बाहेर किती टिकतात त्याची आम्हाला खात्री देता येत नाही."

"सरिताची शिट्टी स्टँडवरच गेली," कुंदा म्हणाली.

"हो. त्यांनी तसं लेखी कळवलंय."

कुंदानं थोडा विचार केला. "मग राहू दे इथंच. मी येत जाईन."

केळुसकरबाईंनी शेरा मारला: मालकी सिद्ध, वस्तू जागेवर. मालकाला तिकीट पडत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

कुंदा दर गुरुवारी येऊ लागली. हाक ऐकायची, ओ ऐकायची, माडाच्या वेळी खाली बघायची आणि सव्वाबाराची एसटी धरायची. सातव्या गुरुवारी ओ येऊन गेल्यावर तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "छप्पर घातलं परत. पत्र्याचं घातलं."

वाऱ्यानं ते उचललं आणि नेलं.

"काकू," परब बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "प्रदर्शनात भर घालायला परवानगी नाही."

"चुकून निघालं हो."

परबांना अहवाल द्यावा लागला. अभ्यागताकडून एक वाक्य वाऱ्यात गेले, असं त्यांनी लिहिलं. केळुसकरबाईंनी त्याखाली 'पाहिले' असं लिहून सही केली.

पुढच्या गुरुवारी पाल्याचा वास आला, छत्री गेली, गाय हंबरली. हाक आली. ओ आली. मग कुंदाचं छपराचं वाक्य आलं, आणि त्या कोपऱ्यातून दत्ताराम म्हणाला, "कौलं घालायची होतीस. पत्रा तापतो."

मग माड पडला. परबांनी घड्याळात पाहिलं. माड रोजच्यापेक्षा नऊ सेकंद उशिरा पडला होता.

"ऐकलंत?" कुंदानं बाकावर बसत विचारलं.

"ऐकलं."

"दोन वर्षांनी बोलणं झालं, तर तेही चूक काढायला." तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा पुसले. "कौलं म्हणे. कौलं शाकारायला माणसं कुठं मिळतात आता."

"वेळघर नऊ सेकंद जास्त थांबलं, काकू," परब म्हणाले. "मी रोज बघतो ना. कालपर्यंत कधी थांबलं नव्हतं."

कुंदानं त्यांच्याकडे पाहिलं. "माझ्या बोलण्यानं?"

"ते मला नाही सांगता येणार. बोलणं संपलं आणि माड पडला, एवढं मी पाहिलं."

त्या दिवशीचं वारं एक पंधरा आणि नऊ सेकंदांनी पडलं. केळुसकरबाईंनी लीना कामत यांना पत्र लिहून विचारलं, की वादळाच्या दिवशी जे बोललं गेलं नव्हतं ते मांडणीचा भाग धरावं का, आणि वेळेत पडलेल्या फरकाचं काय करावं. उत्तर चौथ्या दिवशी आलं, एका ओळीचं: वारं आहे तसं ठेवावं. तेव्हा केळुसकरबाईंनी दारावरची वेळेची पाटी उतरवली, 'बंद होण्याची वेळ: दुपारी १.१५' यावर कागद चिकटवला आणि त्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिलं: 'वारं पडेल तेव्हा.' परबांनी गुरुवारचा डबा संग्रहालयातच खायचं ठरवलं.

इकडे कुंदा बुधवारी सकाळपासून मनाशी जुळवणी करत होती. आधी पत्र्याचं सांगायचं, की वर माडाची झापं टाकलीत, आता तापत नाही. मग सरिताच्या मुलीचं लग्न ठरलं ते. विहिरीचा गाळ काढला, त्यात त्याचा हरवलेला पितळी तांब्या सापडला ते. धाकट्या दिराशी बोलणं पुन्हा सुरू झालं, ते कसं झालं आणि आधी कोण बोललं. नंतर डॉक्टरांनी तिला मीठ कमी करायला सांगितलं ते, म्हणजे तो त्यावर काहीतरी बोलेलच. गुरुवारी एसटीत बसून तिनं ते सगळं एकदा पहिल्यापासून ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. फार लांब होत होतं. खाडीचा पूल आला तरी संपेना.

तरी तिनं त्यातला एकही शब्द कमी केला नाही.