बुवा येणार म्हणून रस्ता मोकळा

मराठी माणसाचं हिंदी कच्चं असतं असं कुणी म्हणालं की मी नुसती हसते. लखनऊत माझं निम्मं आयुष्य गेलं. हजरतगंजच्या बँकेत मी रोज अशा लोकांशी बोलते, जे भांडायला आले तरी आधी तब्येतीची चौकशी करतात. भाजीवाल्यापासून शाखाधिकाऱ्यापर्यंत कुणालाही बोलण्यानं विरघळवून दाखवीन, अशी माझी ख्याती आहे. आता घाईत कधी ‘ती’चा ‘तो’ होतो, ‘तो’ची ‘ती’ होते. पण इकडची माणसं फार सज्जन. चूक दाखवत नाहीत, मनातल्या मनात दुरुस्त करून घेतात. ह्या सज्जनपणानंच घात केला.

विकास नगरातल्या आमच्या घरात दोन संप्रदाय नांदतात. माझा कीर्तनाचा आणि विनयचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, सायकलचा. विनय संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहे. सायकल हलकी व्हावी म्हणून त्यानं तिची घंटीसुद्धा काढून ठेवली आहे, आणि स्वतः मात्र आमरसाची वाटी खाली ठेवत नाही. मुलगी मुक्ता कुठल्याच संप्रदायात नाही. ती मराठी ऐकते, हिंदीत उत्तर देते आणि आम्हा दोघांकडे दयेनं बघते.

यंदा जूनमध्ये दोन्ही संप्रदायांना एकदम भरती आली. मराठी मंडळातल्या कीर्तनासाठी मिरजेहून श्रीपादबुवा आले आणि आमच्याकडेच उतरले. बुवा एके काळी झांजा हँडलला बांधून सायकलवरून गावोगाव कीर्तनाला जायचे. विनयच्या क्लबची मलिहाबादची फेरी त्याच रविवारी आहे हे कळल्यावर त्यांनी शेजाऱ्यांची काळी जुनी सायकल मागून आणली, तिच्या चेनला तेल घातलं आणि म्हणाले, “अरुणाताई, आंब्याच्या बागा बघत बघत नाम घेऊ.”

माझ्या डोळ्यांपुढे चित्रच उभं राहिलं. पहाटेचा कोवळा उजेड पानांतून गळतोय, दशहरीचा वास दरवळतोय, आणि झाडाखाली बुवा उभे राहून नमन म्हणतायत. मी त्या चित्रात इतकी रमले की दूध उतू गेलं.

पण वाटेत एक गाव होतं. गेल्या वर्षी ऐन आंबे उतरवायच्या दिवसांत ह्या सायकलवाल्यांनी तिथल्या अरुंद रस्त्यावर शिट्ट्या फुंकून आंब्याच्या गाड्या कडेला लावायला लावल्या होत्या. माल उन्हात तापला, मंडीत पोचेपर्यंत मऊ पडला. वर काही जणांनी फांद्यांना लोंबकळून फोटो काढले. म्हणून यंदा गावानं निरोप धाडला होता की सायकली दिसल्या तर ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी लावू. विनय फेरीचा प्रमुख. त्यानं सगळ्या संस्थेला सांगून ठेवलेलं, आणि दुसरा रस्ता म्हणजे ट्रकांचा हायवे. चेहरा एवढासा करून तो मला म्हणाला, “तू जाऊन बोल ना. तुझं हिंदी गोड आहे.”

मी गेले. मुक्तानं गाडी चालवली आणि एसीतून उतरायला ती तयार झाली नाही. हे इथेच सांगून ठेवते, कारण ती उतरली असती तर ही गोष्ट झाली नसती.

रामसनेही मौर्य गावातले मोठे बागवाले. त्यांनी झाडाखाली खाट टाकली, पाणी दिलं, गुळाचा खडा पुढे केला आणि मग सावकाश तक्रार मांडली. सायकलशी त्यांचं वैर नव्हतं. त्यांच्या वडिलांनी जन्मभर सायकलच चालवली होती. “पर वो घंटी बजाते थे, बहनजी,” ते म्हणाले. “सीटी नहीं।”

मला हे फार पटलं. इतकं पटलं की पुढचं मी नीट ऐकलंच नाही. वर कोकिळा ओरडत होती, पानांच्या सावल्या खाटेवर झुलत होत्या, आणि मी मनानं नमन संपवून पूर्वरंगात पोचले होते. रामसनेही बोलायचे थांबले तेव्हा भानावर आले आणि जे मनात होतं तेच बोलून गेले. म्हटलं, भैया, हमारे घर बुवा आए हैं. बहुत दूर से. इस उमर में भी साइकिल चलाते हैं, वह भी धोती में. गाते हैं तो आँख भर आती है. आपके बाग में उनको गाना है.

रामसनेही हातातला गुळाचा खडा विसरले.

“बुआ? साइकिल पर?”

“हाँ। धोती में।”

आतून त्यांची अम्मा आली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, काठीच्या आधारानं चाचपत. तिनं सगळं पुन्हा विचारून घेतलं. बुआ किती वर्षांनी आली, जेवणखाण सोसतं ना, आणि तुमच्याकडे मोटार असताना तिला सायकलवर का घातली? मला वाटलं, काय ही संतांबद्दलची माया! मी सांगितलं, त्यांना सायकलच आवडते. अम्मानं कपाळाला हात लावला आणि मुलाकडे वळून म्हणाली, “बुआ का रास्ता रोकोगे?”

रामसनेहींनी बोटांवर गाड्यांचा हिशेब केला. मग म्हणाले, ट्रॉली लागणार नाही. रविवारी त्यांच्या आंब्याच्या गाड्या भरलेल्या असतील, पण आधी बुआ आणि तिच्यासोबतचे लोक जाऊ देत, मग माल निघेल. ऊन चढलं तर चढलं. एक दिवसाचे आंबे बुआच्या नावानं. मला गहिवरून आलं. घरी येऊन मी विनयला सांगितलं की गाव जिंकलं.

रविवारी मी आणि मुक्ता गाडीनं पुढे गेलो. बाग सारवल्यासारखी झाडून काढली होती. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. कडेला आंब्याच्या पेट्या रचलेल्या गाड्या ताडपत्री घालून थांबल्या होत्या, आणि रामसनेही मिनिटामिनिटाला उन्हाकडे बघत होते. खाटेवरच्या परातीत लाल साडी, हिरव्या बांगड्या, सिंदूर आणि पेढे. मी मनात म्हटलं, बुवांच्या घरच्या बाईंसाठीसुद्धा साडी! काय ही रीत.

मुक्ता मात्र परातीकडे बघतच राहिली. एका बाईशी काहीतरी बोलली आणि पांढरीफटक होऊन माझ्याकडे आली.

“मम्मी, आपने इनसे क्या कहा था?”

“बुवा येणार म्हणून सांगितलं.”

“बुआ मतलब आत्या, मम्मी। ये लोग आत्या का इंतज़ार कर रहे हैं।”

मी म्हटलं, वेडी आहेस का, मी धोतर म्हणाले होते. त्यावर तिनं शांतपणे सांगितलं की इकडे खेड्यात बायकांच्या साध्या सुती साडीलाही धोतीच म्हणतात, आणि माहेरी आलेली आत्या म्हणजे साऱ्या गावाची लेक. आणि मी ‘आई हैं’ नव्हे, ‘आए हैं’ म्हटलं होतं त्याचं काय? त्याचं काहीच नाही. अम्माच्या बागेला मी आल्या आल्या ‘कितना अच्छी बाग’ म्हणाले होते. त्यानंतर माझं व्याकरण कुणी धरलंच नव्हतं.

तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर सायकली आल्या. रंगीत, अंगाला चिकटलेल्या कपड्यांतले, माशीसारखे काळे चष्मे लावलेले लोक. त्यांच्या मागून, सकाळच्या सोनेरी धुळीतून, धोतराचा सोगा खोचलेले, भरघोस मिशांचे श्रीपादबुवा संथपणे घंटी वाजवत येत होते. खरं सांगते, इतकं सुंदर दृश्य मी आयुष्यात पाहिलं नाही. आणि ते मला मुळीच बघवेना.

बायकांनी मिशा पाहिल्या आणि पदर तोंडात कोंबले. रामसनेहींना हसू आलं नाही. ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही, हेच वाईट. म्हणाले, “मेरा माल धूप में खड़ा है, बहनजी। बुआ के नाम पर।”  ते वळले आणि ट्रॅक्टरवाल्याला हात केला. ट्रॉली गुरगुरत रस्त्यावर आडवी आली. मागून कुणीतरी सवयीनं शिट्टी फुंकली. विनयनं ‘परमिशन है’ म्हणून कागद उंचावला. गावकरी दोन पावलं पुढे सरकले. पांडुरंगा, मी म्हटलं, माझ्या जिभेपायी आज डोकी फुटणार.

बुवांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी सायकल झाडाला टेकवली आणि समोर म्हातारी माउली दिसली म्हणून सरळ तिच्या पायांवर डोकं ठेवलं. अम्माला दिसलं ते एवढंच: पांढरं लुगडं, आणि वाकलेली एक थकलेली मूर्ती. तिनं बुवांना उठवून छातीशी धरलं.

“आ गई बिटिया। कितनी दुबली हो गई है।”

पुढे सरकलेले गावकरी जागच्या जागी थांबले. बुवांचं हिंदी माझ्याहून दिव्य, त्यांना वाटलं हा इकडचा आशीर्वाद. त्यांचे डोळे भरून आले. अम्मानं चाचपत परातीतली लाल साडी त्यांच्या खांद्यावर घातली, आणि बुवांनी ती कपाळाला लावून शेल्यासारखी पांघरली. मी रामसनेहींकडे बघायचं धाडस केलं. आईच्या चेहऱ्याकडे बघत ते उभे होते. मग हळूच म्हणाले, “अम्मा को कोई कुछ नहीं बताएगा।” आणि बायकांनी माना डोलावल्या.

अम्मानं फर्मान सोडलं की बुआचं गाणं झाल्याशिवाय बागेतून एकही सायकल हलणार नाही. हलते कशी? ट्रॉली आडवी होतीच. सायकलवाले मुकाट्यानं मांडी घालून बसले. तसल्या कपड्यांत मांडी घालणं सोपं नसतं. कुणी तरी ढोलक आणली. बुवांनी झांज घेतली आणि नमन सुरू केलं.

आणि मग, काय सांगू! मी पाहिलं होतं तेच चित्र. पानांतून उजेड गळत होता, आंब्यांचा वास जड होऊन खाली उतरला होता, आणि लाल साडी पांघरलेले बुवा नाचत होते. आख्यान लावलं रामाला नदीपार नेणाऱ्या नावाड्याचं. राजाचा मुलगा असलास तरी आधी पाय धुवीन, मगच नाव सोडीन, माझं पोट ह्या नावेवर आहे, म्हणणाऱ्या गरीब माणसाचं. मराठीत सांगितलं, पण अवधच्या माणसांना रामाची गोष्ट कुठल्या भाषेत कळत नाही? रामसनेहींनी डोळे पुसले आणि उठून ट्रॉली जरा बाजूला घ्यायला लावली. सायकलींसाठी नाही. आंब्यांसाठी. एकेक गाडी रिकाम्या रस्त्यानं सावकाश मंडीकडे गेली, आणि कुणी शिट्टी वाजवली नाही, कारण सगळे टाळ्यांत होते.

सगळे म्हणजे विनय सोडून. फेरीची वेळ संपली होती. पदकं वाटणारे शहरातला मांडव आवरून घरी गेल्याचा फोन येऊन गेला होता. तो लांबच्या झाडाखाली, सायकलला पाठ लावून, हाताची घडी घालून, फुगून बसला होता. शरबत आलं, नको म्हणाला. पेढा आला, मान फिरवली. गावातल्या दोघांनी मनधरणी केली, तेव्हा आणखीच फुगला.

इकडे लग्नकार्यात आत्याचा नवरा, म्हणजे फूफा, रुसून बसतो. बसावाच लागतो, त्याशिवाय कार्य पुरं होत नाही.

विदाईच्या वेळी अम्मानं बुवांचे दोन्ही हात धरले, आणि मनधरणीच्या आवाजाच्या रोखानं त्या झाडाकडे तोंड करून मला विचारलं, “वो जो मुँह फुलाए बैठे हैं, वही फूफा हैं न?”

इतक्या घोटाळ्यानंतर पुन्हा हिंदी बोलायची माझी हिंमत नव्हती. मी नुसती मान हलवली. तेव्हापासून त्या गावात माझा नवरा श्रीपादबुवांचा यजमान आहे, आणि मी कोण, हे अजून कुणी विचारलेलं नाही.