कच्च्या आवृत्तीचे गायकवाडकाका

गायकवाडकाकांना पोट दुखतंय असं चुकूनही सांगू नये. बाकीचे शेजारी ओवा देतात. काका खिशातलं पेन काढतात आणि तीन प्रश्न विचारतात. "काय केलं? काय झालं? काय व्हायला पाहिजे होतं?" मी एकदा वैतागून म्हटलं, "दुखायला नको होतं काका, आणखी काय?" तेही त्यांनी लिहून घेतलं. वर म्हणाले, "तेच पुन्हा खाऊन बघा ताई. दुसऱ्यांदा दुखलं तरच खरं."

हे गृहस्थ बरकतपुऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे नांदेडकडचे, इथं तेलुगू मुलखात सरकारी भांडारात सामान मोजण्यात उभा जन्म गेला. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा याच शहरात, पण पार दुसऱ्या टोकाला, नव्या काचेच्या इमारतीत नोकरी करायचा. महिन्यातून एकदा यायचा, घड्याळ बघत चहा प्यायचा. त्यानंच आपला जुना कॉम्प्युटर वडलांना आणून दिला, त्यांचा वेळ जावा म्हणून. त्यांचा गेला, आणि माझाही.

तेव्हा जो तो कॉम्प्युटर शिकत होता. चिक्कडपल्लीत चार पावलं चाललं की एक क्लास. लोक शिकून परदेशी जायचे, काका शिकून बिनपगारी कामाला लागले. जगभरातली हौशी मंडळी मिळून लिहायचा-छापायचा एक प्रोग्रॅम बनवत होती, कुणीही फुकट घ्यावा असा. तो पक्का व्हायच्या आधी ते त्याची कच्ची आवृत्ती बाहेर सोडायचे. ज्याला हौस असेल त्यानं ती वापरून चुका कळवायच्या. काकांना हौस दांडगी. दर शनिवारी जवळच्याच हिमायतनगरच्या इंटरनेटवाल्याकडे जाऊन ते नवी आवृत्ती सीडीवर उतरवून आणायचे.

"पक्कं काय, कुणीबी वापरतंय," म्हणायचे. "कच्चं वापरायला जिगर लागते."

चूक सापडली की काका जिना उतरून आमच्या दारात. त्यांना मराठी, तेलुगू, दखनी उर्दू सगळं यायचं, पण इंग्रजी लिहायचं म्हटलं की हात थांबायचा. मी शाळेत इंग्रजी शिकवते, हे माझं दुर्दैव. दिवसभर पोरांच्या वह्या तपासून मी नुकती टेकलेली असायची.

"थकलात का ताई?"

"हौ काका, लई थकले."

"मग बसूनच लिहा."

ते सांगायचे, मी कागदावर इंग्रजीत उतरवायची. तो कागद घेऊन ते इंटरनेटवाल्याकडे जायचे, बघून बघून एकेका बोटानं टाइप करायचे, आणि उत्तर आलं की छापून माझ्याकडेच वाचायला आणायचे.

त्यातली एक चूक मला चांगलीच भोवली. छापताना तो प्रोग्रॅम मजकुराची शेवटची ओळ गाळायचा. पडद्यावर दिसायची, कागदावर नाही. काका तपासायला काकूंचे पदार्थ टाइप करायचे. काकूंनी आजारपणात पडल्या पडल्या सांगितलेले, यांनी वहीत उतरवून घेतलेले. असाच एक कागद समोर ठेवून मी अंबाडीची भाजी केली. थकलेलं माणूस लिहिलंय तेवढंच करतं. घरात कुणी दुसरा घास घेईना. कागद हातात घेऊन वर गेले तेव्हा कळलं, काकूंची सांगायची रीत अशी होती की मीठ अगदी शेवटी. काकांनी छापलेले सगळे पदार्थ अळणी.

काका मात्र खूश. "काय झालं? भाजी अळणी झाली. लिहा, लिहा."

तिकडून उत्तर आलं. कुठल्या तरी थंड देशातला माणूस होता. त्याचं नाव आम्हा दोघांनाही धड उच्चारता येईना, म्हणून काका त्याला 'आपला माणूस' म्हणायला लागले. भाजीबद्दल त्यानं माझी माफी मागितली, आणि पुढचे चार महिने दर आठवड्याला त्याचं पत्र येत राहिलं. थोडी दुरुस्ती केली आहे, नवी आवृत्ती बघाल का, आता कसं आहे? काका ती पत्रं भांडारातल्यासारखी भोक पाडून दोऱ्यात ओवून ठेवायचे.

मग काका यायचेच बंद झाले. पहिला आठवडा मी सुखानं चहा प्यायले. तिसऱ्या आठवड्यात राहवेना, म्हणून वर गेले. टेबलावर आपल्या माणसाचं ताजं पत्र होतं. त्यानं लिहिलं होतं, तिसऱ्यांदा विचारतोय, फक्त तुमची चूक उरली आहे. ती सुटली की नाही हे कळेपर्यंत पक्की आवृत्ती आम्ही अडवून धरली आहे. शेजारी काकूंच्या पदार्थांचे कागद होते. प्रत्येकाच्या तळाशी ओळ होती, मीठ चवीपुरतं.

"काका, मीठ आलंय की."

"हौ."

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

"मग कळवलं का नाही? तिकडं लोक खोळंबलेत."

काकांनी कागदांच्या कडा जुळवल्या. "सुटलं म्हणून कळवलं की ते प्रकरणच बंद करतात, ताई. मग पत्र येत नाही." दोऱ्यातली पत्रं जवळ ओढत म्हणाले, "दर आठवड्याला विचारतो तो, आता कसं आहे म्हणून. दुसरं कोण विचारायलंय?"

मला माझीच लाज वाटली. जिन्यावर त्यांची पावलं वाजली की मी कपाळाला हात लावायची. कसे आहात, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"पण हे खोटं झालं," काका स्वतःच म्हणाले. "तपासणाऱ्यानं असं करू नये. लिहा ताई."

मी खुर्ची ओढली.

"काय केलं? अंबाडीची भाजी छापली. काय झालं? मीठ आलं. काय व्हायला पाहिजे होतं? हेच." मग म्हणाले, "खाली आणखी एक ओळ टाका. पुन्हा काही तपासायचं असलं तर सांगा म्हणावं. मी घरीच असतो."

मी शाळेतलं कडक इंग्रजी लिहिलं होतं. ते खोडलं आणि काका बोलले तसंच साधं लिहिलं. कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ बघितला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही जाईल ना ताई तिथपर्यंत? शेवटची आहे."

"जाईल काका," मी म्हटलं. "तुम्हीच तर तपासलंय."