अठ्ठेचाळीसमध्ये न मावलेली खुर्ची

माझ्यामुळे आमचे बाबा अडीच दिवस बहिरे झाले होते.

छे, छे! असं काही घडलेलंच नाही. घरात तसा ठराव झाला आहे, दोन विरुद्ध शून्य मतांनी. मला मतदानाचा हक्क नव्हता. तेव्हा त्या न घडलेल्या प्रकाराबद्दल एक अक्षरही न काढता मी आपला साधा, निरुपद्रवी विषय घेतो: खिशातल्या प्लेअरमध्ये गाणी किती दाबून भरावीत?

या विषयात माझा अधिकार मोठा. गाणं दाबायचं म्हणजे त्यातलं कानाला कळणार नाही तेवढं फेकून द्यायचं आणि उरलेलं छोट्या फाइलीत बसवायचं. दर सेकंदाला किती माल ठेवायचा, तो आकडा म्हणजे बिटरेट. तीनशेवीस म्हणजे शाही थाट. एकशेअठ्ठावीस म्हणजे मध्यमवर्ग. आणि अठ्ठेचाळीस म्हणजे गाण्याला पोत्यात कोंबून वर आपण बसायचं! मला स्वतःला तीनशेवीसच्या खालचं चालत नाही. अंगावर पित्त उठतं. "माझे कान सोन्याचे आहेत," असं मी एकदा जेवताना म्हणालो, तेव्हापासून आई मला सोनकान म्हणते. "सोनकान, दारावरची बेल चारदा वाजली, ऐकू नाही आली?" वगैरे.

आमचे बाबा लोकांचे पियानो सुरात लावून देतात. रोज सकाळी चाळीस मिनिटं चालतात, शर्टाच्या खिशात काडेपेटीएवढा प्लेअर घालून. सोमवारी मी तो सहज उघडून बघितला, तर आत अकरा फाइली. अजिबात न दाबलेल्या! एकेक फाइल म्हशीएवढी!

"बाबा, यात पाचशे गाणी बसतील!"

"मला अकरा पुरतात."

"अहो, पण पाचशे!"

"अरे, मी चाळीस मिनिटं चालतो. पाचशे ऐकायची तर मला सरहद्द ओलांडून जावं लागेल."

एवढं बोलून ते आंघोळीला गेले. मोठी माणसं नको म्हणतात तेव्हा त्यांना हवंच असतं, हे मला माहीत होतं. मी कामाला लागलो. प्रश्न फक्त आकड्याचा होता. साठी उलटलेले कान, त्यात रस्त्यावरचे हॉर्न. अठ्ठेचाळीस भरपूर! बाबांनी टॉवेलने डोकं पुसेपर्यंत त्यांच्या अकरा फाइली पोत्यात गेल्या होत्या, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या शेजारी चारशे एकोणनव्वद पाहुणे दाटीवाटीने बसले होते.

मंगळवारी सकाळी बाबा चाळीस मिनिटांनी परतले नाहीत. तासानेही नाहीत. दीड तासाने आले आणि बूट न काढता खुर्चीवर बसले.

"अहो, काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही." मग थोड्या वेळाने, "आत्ता तू काही म्हणालीस का?"

"नाही."

"बघ. तेही ऐकू आलं नाही."

आईने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. त्या क्षणापासून घराचा आवाज वाढला. "अहो! चहा!!" आई स्वयंपाकघरातून गर्जायची. "आलो!!" बाबाही गर्जायचे, कारण स्वतःचा आवाज आपल्याला नीट कळेल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. दुपारी खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई वर आल्या. "या वयात कशाला वेगळं होता? मिटवून टाका," म्हणाल्या, आणि तरीही जाताना आपलं कार्ड ठेवून गेल्या!

बुधवारी मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. शहरातल्या मोठ्या सभागृहातला तो काळा, अजस्र पियानो बाबाच लावतात. सव्वीस वर्षं झाली, दुसऱ्या कुणी त्याच्या खुंटीला हात लावलेला नाही. शनिवारी तिथे कार्यक्रम होता. बाबांनी व्यवस्थापकांना फोन केला.

"शनिवारी दुसरा माणूस बघा. माझे कान गेले."

पलीकडचं बोलणं मलासुद्धा ऐकू आलं: "अरेरे! मग त्या मशीनवाल्याला बोलावतो. तो पडद्यावर बघून लावतो."

"पडद्यावर बघून," बाबा फोन ठेवून म्हणाले. मग त्यांनी खुंट्या पिळायची किल्ली मऊ फडक्यात गुंडाळली, स्टुलावर चढले आणि ती कपाटावर पार मागे सरकवली. बाळाला झोपवावं तशी.

"बाबा, काळजी करू नका. तुमच्या प्लेअरमध्ये आता पाचशे गाणी आहेत!"

"असू देत," ते मायेने म्हणाले. "तू ऐक."

गुरुवारी मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका काचेच्या खोक्यात बसवलं, हेडफोन घातले, हातात बटण दिलं. बारीक शिट्टी ऐकू आली की दाबायचं. बाबा तारयंत्रावर बसल्यासारखे टकाटक दाबत होते!

"काका, तुमचे कान चाळिशीतल्या माणसाचे आहेत," बाई कागद बघून म्हणाल्या.

"मग तुमचं यंत्र बिघडलंय."

"कशावरून?"

"खुर्ची वाजली नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. इथे छत उंच होतं, पण तरी मी बघितलं.

"माझ्या गुरुजींनी वाजवलेलं एक रेकॉर्डिंग आहे," बाबा सांगू लागले. "शेवटचा सूर वाजतो, लांब, लांब जातो, आणि तो विरता विरता गुरुजी खुर्चीवरून उठतात. खुर्ची करकरते. एवढीशी! रोज सकाळी मी ती ऐकतो, आधी टेपवर, आता प्लेअरवर. करकर ऐकू आली, की कान ठीक, की मी लोकांच्या पियानोला हात लावायला मोकळा. ज्या दिवशी ऐकू येणार नाही त्या दिवशी किल्ली ठेवायची, असं ठरवलं होतं. मंगळवारी तीनदा लावलं. नाही आली."

मोठ्या सुराच्या पोटात दडलेला एवढासा आवाज! पोतं बांधताना पहिल्यांदा फेकला जातो तो हाच माल. मी गुरुजींची खुर्चीच काढून घेतली होती!

मी तोंड उघडलं, पण बाई म्हणाल्या, "यंत्राची शंका आहे ना? मग हा तरुण कान आहेच. बस रे आत."

मी खोक्यात बसलो. आत काय शांतता! हे सगळं बाबांना कोणत्या शब्दांत सांगावं, याची मनात तीनदा उजळणी केली. तपासणी सुरू व्हायची वाट बघत होतो, तेवढ्यात दार उघडलं.

"झालं," बाई म्हणाल्या.

"सुरू कधी झालं?"

माझा आलेख बागेतल्या घसरगुंडीसारखा होता. वरून निघून थेट वाळूत! "हेडफोन फार मोठ्याने लावतोस का रे?" बाईंनी विचारलं.

"बघा, बिघडलंच आहे यंत्र," बाबा उठत म्हणाले. "चोवीस वर्षांच्या पोराचे कान असे कुठे असतात? चल रे."

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. "बाबा, यंत्र ठीक आहे. तुमचे कानही ठीक आहेत. खुर्ची मी फेकली. सोमवारी. तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा."

बाबा पुन्हा खाली बसले. मग बाईंना हात जोडून म्हणाले, "माफ करा. यंत्र चांगलं आहे. मुलगाच बिघडलाय."

घरी गेल्या गेल्या मी माझ्या कॉम्प्युटरवर राहिलेली त्या रेकॉर्डिंगची मूळ, न दाबलेली फाइल लावली. आम्ही तिघं स्पीकरसमोर बसलो. शेवटचा सूर वाजला. लांब, लांब गेला.

"आली!" मी ओरडलो.

"गुरुजी अजून बसलेत," बाबा म्हणाले.

आम्ही पुन्हा सुरुवातीपासून लावलं. या वेळी आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. सूर विरत गेला, आणि बाबांनी एक बोट वर केलं.

"अगंबाई! हो की!" आई म्हणाली. "करकरली!"

मला काहीही ऐकू आलं नाही. पण बाबांचा चेहरा दिसत होता. ते तसेच स्टुलावर चढले आणि किल्ली खाली काढली. व्यवस्थापकांना फोन केला: "त्या पडदेवाल्याला घरीच बसू द्या!"

शनिवारी त्यांची पिशवी धरायला मी बरोबर गेलो. तीन तासांनी बाबा पियानोसमोरच्या बाकावरून उठले, तेव्हा बाक करकरला. तो मात्र मला ऐकू आला! मी त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो होतो, आणि पडलो.

प्लेअरमध्ये आता पुन्हा अकरा फाइली आहेत. आणि त्याच रात्री जेवताना तो ठराव झाला. राहता राहिला एकच पुरावा, त्याबाबत मी रीतसर अर्ज केला आहे:

"माननीय कर्णतपासणी केंद्र यांस. विषय: आलेखाची दिशा बदलून मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, गुरुवारी घेतलेला अर्जदाराचा आलेख उलटा धरला असता अर्जदाराचे कान अत्युत्तम दिसतात. तरी सदर आलेख तसाच छापून सही-शिक्क्यानिशी मिळावा व जुनी प्रत अर्जदाराच्या आईच्या फ्रिजवरून आपल्या खर्चाने हटवण्यात यावी, ही नम्र विनंती. ता. क. उत्तर कृपया लेखी द्यावे. फोनची घंटा बारीक आहे."