आमच्या वाडीचे पोप

सरपंचाने सायकल धरल्याशिवाय आमचे गुरुजी खाली उतरत नाहीत. तुम्ही म्हणाल, गुडघे दुखत असतील. कसले दुखतात! भंडारदऱ्याचा चढ अजून एका दमात मारतात. त्यांचं म्हणणं असं, की युरोपात पोप घोड्यावरून उतरायचा तेव्हा सम्राट येऊन लगाम धरायचा. "सम्राटाला लाज वाटली न्हाई, तर तुला रं कशाची?" असं त्यांनी भर चौकात विचारलं. सरपंच त्यांच्याच हाताखाली शिकलेला, सातवीत दोनदा बसलेला. धरतो बिचारा.

राजूरच्या अलीकडे आमची वाडी. तिथे माझी पिठाची गिरणी आणि गिरणीसमोर गुरुजींचं घर, त्यामुळे हा खेळ मला रोज फुकटात बघायला मिळतो. नाव भागवत गुरुजी, पण सारी वाडी म्हणते पोप गुरुजी. गळ्यात तुळशीची माळ, सोमवारी महादेवाचा उपास. रोम सोडा, हा माणूस कधी पुण्याच्या पुढे गेलेला नाही. हायस्कुलात इतिहास शिकवताना कुठूनसं पोपांवरचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं, आणि त्यांना जे वेड लागलं ते लागलंच. आता रिटायर झाले, काकू वारल्या, वेड तेवढं राहिलं.

वाडीत काहीही घडो, गुरुजींचं ठरलेलं: "रोममध्ये हे होऊन गेलंय!" गणपतीची तीन मंडळं झाली तेव्हा मी म्हटलं, गुरुजी, एवढ्याशा वाडीत तीन गणपती? तर म्हणाले, "सुमे, एका टायमाला तीन तीन पोप हुते. तिघंबी एकमेकाला शाप देत हुते. आपले गणपती तरी गप बसत्यात."

राजूरच्या बाजारात दोन मिरचीवाल्या जागेवरून हमरीतुमरीवर आल्या. गुरुजी खडू घेऊन मध्ये. पोपने म्हणे नकाशावर रेघ ओढून स्पेन आणि पोर्तुगालला नवी दुनिया वाटून दिली होती. यांनीही रेघ ओढली. ती सरळ चहाच्या गाड्याच्या मधून गेली, आणि स्टोव्ह एकीच्या हद्दीत, कपबश्या दुसरीच्या! मग दोघी मिळून गुरुजींवर उलटल्या. भांडण मात्र मिटलं, हे खोटं नाही.

"पोपकडं फौज किती? नावाला," असं ते सांगायचे. "पन शब्द! त्यानं मुकुट ठेवला तर सम्राट, न्हाई तर नुसता टोपीवाला."

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट जर्मनीच्या राजाची. पोपने त्याला वाळीत टाकलं. राजा आल्प्स ओलांडून आला आणि भर बर्फात, अनवाणी, तीन दिवस पोपच्या दारात उभा राहिला. "आन् मंग?" असं म्हणून गुरुजी थांबायचे. मी म्हणायचे, मग दार उघडलं. "उघडावंच लागतं," म्हणायचे, आणि दरवेळी त्यांची नजर डावीकडे जायची, गेणूच्या घराकडे.

गेणू त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. घराला घर लागून, अंगण एक. त्या अंगणात त्यांच्या आईने लावलेला आंबा होता. एका पावसाळ्यात तो गेणूच्या छपरावर कलला. गुरुजी कामासाठी नगरला गेलेले, तेवढ्यात गेणूने तो पाडला. गुरुजी आले, बुंधा बघितला आणि घरात गेले. बाहेर आले ते शाळेची जुनी घंटा, ते जाड पुस्तक आणि पेटती समई घेऊन. घंटा वाजवली, पुस्तक फाटकन मिटलं, समई फुंकली आणि म्हणाले, "गेणू, आजपासून तू वाळीत." पोप असंच करायचे म्हणे.

गेणू जेवत होता. आतून म्हणाला, "लाईट गेली काय?"

तेव्हापासून अबोला. वर्षं लोटली. गेणूला मी एकदा टोकलं, तर म्हणाला, "मी का जाऊ? आंबा पोरांवर पडला आस्ता, तर रोमवरनं भरपाई आली आस्ती का? दादानं हाक मारावी, पळत जाईन." आणि इकडे गुरुजी राजाची वाट बघत बसलेले. दोघं एकाच आईची लेकरं, दुसरं काय!

गुरुजींच्या ओट्यावर एक कोरी घोंगडी घडी घालून ठेवलेली असते. उन्हाळ्यातसुद्धा. मी म्हटलं, ही कशाला? तर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "त्यो आला तर गारठ्यातच येईल. राजाला पडसं नको व्हायला." मला हसू आलं, आणि घोंगडीवर बसलेलं गिरणीचं पीठ मी झटकलं.

तर यंदा देवीच्या यात्रेचा अध्यक्ष काही केल्या ठरेना. वरची आळी खालच्या आळीचं नाव घेऊ देईना, खालची वरच्या आळीचं. मोबाईलच्या ग्रुपवर शिवीगाळ झाली. गुरुजींना तर उकळ्याच फुटल्या. "रोममध्ये हे होऊन गेलंय! पोप ठरस्तवर निवडणाऱ्यांना कोंडत्यात. कोंडा सगळ्यांना!"

आणि खरंच कोंडलं की! पंच मंडळी समाजमंदिरात, बाहेरून कुलूप, किल्ली गुरुजींच्या कंबरेला. दुपारी पिठलं-भाकरी दिली, संध्याकाळी नुसती भाकरी आणि पाणी. ठरलं नाही तर काळा धूर, ठरलं की पांढरा, म्हणून बाहेर चूल मांडली. काळ्या धुरासाठी ओला पेंढा, असं पुस्तकात होतं. आता भाताचा ओला पेंढा कसा जळतो हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गुरुजींनी तो चुलीत कोंबला आणि पांढराशुभ्र धूर निघाला. लगेच ताशा वाजला, बायका ओवाळायला ताटं घेऊन धावल्या, फटाक्यांची माळ लागली. आत अजून एकमेकांच्या गचांड्या धरलेल्या!

मग गुरुजी शिडी लावून वर चढले आणि छपराचे पत्रे काढायला लागले. तेही म्हणे होऊन गेलंय. दुसरा पत्रा निघाला आणि वरून असा गारठा उतरला, की आतून ओरडा आला, "ठरलं, ठरलं! गेणू!"

बरोबरच होतं. वाडीत एक माणूस सोडला तर गेणूशी सगळेच बोलतात.

गुरुजी शिडीवर तसेच, हातात पत्रा. खाली गर्दीत उभा असलेला गेणू हात जोडून लोकांना म्हणाला, "मान मोठा हाय. पन अध्यक्षाला फेटा घरातल्या थोरल्यानंच बांधायचा, ही आपली रीत. माझा थोरला माझ्याशी बोलत न्हाई. मंग मी अध्यक्ष कसला? दुसरा बघा." आणि घरी निघून गेला. गुरुजी खाली उतरले, कुलूप काढलं आणि घरात गेले. रोमचं नावसुद्धा काढलं नाही.

सकाळी गिरणी उघडायला आले, तर अंगणात धुकं, आणि धुक्यात कुणीतरी उभं. गुरुजी! गेणूच्या दारात, अनवाणी, नुसत्या सदऱ्यावर, थंडीने दात वाजतायत. घोंगडी हातावर.

मी ओरडले, "अहो गुरुजी, ती अंगावर तरी घ्या!"

"ती गेणूची हाय," म्हणाले.

"पण गोष्टीत तर राजा उभा राहतो. पोप आत शेकत बसतो."

"तिथंच चुकलं रोमचं," गुरुजी म्हणाले. मग घसा खाकरला आणि पोरासारखी हाक मारली, "गेणूऽऽ!"

दार इतक्या लवकर उघडलं, की गेणू आतून कडीला हात लावूनच उभा असणार. उघडाच बाहेर आला. म्हणाला, "आज घंटा न्हाई आनली, दादा?" गुरुजींनी घोंगडी त्याच्या अंगावर टाकली आणि आई टाकायची तशी चारी बाजूंनी खोचली. मी पदर डोळ्यांना लावला आणि गिरणी चालू केली, म्हणजे कुणाला ऐकू जायला नको.

फेटा गुरुजींनीच बांधला. फेटा बांधायची सवय कुठली, तो डाव्या कानावर पार कलला. लोक म्हणाले, अध्यक्ष, जरा नीट करा. गेणूने देवी पुन्हा देवळात जाईपर्यंत त्या फेट्याला हात लावू दिला नाही.