तावडेकाकांचा ओळंबा

तावडेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीकडे पाहतात. मग खिशातून ओळंबा काढून ती सरळ उभी आहे का, ते तपासतात. माझ्या लग्नाचा फोटो त्यांनी तीनदा सरळ केलाय. लग्नाबद्दल मत दिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. विक्रोळीच्या कारखान्यात फिटर म्हणून त्यांचा जन्म गेला. "सूतभर तिरकं म्हणजे तिरकंच!" हे त्यांचं ब्रीद.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत या ब्रीदाचा सर्वांत जास्त जाच काकूंना झाला. त्यांचे गुडघे बाहेर वाकलेले. बाजारातून येताना काका पुढे, काकू चार पावलं मागे. चप्पल घासल्याचा आवाज आला की काका वळूनही न बघता ओरडायचे, "शालू, सरळ चाल गो!"

"तुमी व्हा फुडे, मी येतंय," काकू म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. मग काकांचेच गुडघे बोलू लागले.

इस्पितळाच्या गुडघे बदलण्याच्या ऑपरेशनच्या माहितीपत्रकावर रोबोचा फोटो होता, सत्यनारायणाला बसलेल्या यजमानाइतका गंभीर. काकांनी डॉक्टरांसमोर ओळंबा ठेवला. "पाय यात बसले पाहिजेत."

"काका, तुमचे पाय जन्मापासूनच जरा बाहेर वाकलेत. ओळंब्यात बसवले तर ते तुमचे वाटणार नाहीत. स्कॅनवरून तुमचं मूळ वळण मोजू आणि सांधा तसाच बसवू. कापताना माप चुकू नये, एवढ्यासाठी रोबो."

"म्हणजे तिरकं बसवणार?"

"तुमच्यासाठी तेच सरळ. प्रत्येकाचं वेगळं असतं."

यापेक्षा कमी अपराधासाठी काकांनी गवंडी हाकलले आहेत. आठवडाभर ते आरशासमोर ओळंबा धरून स्वतःचे पाय मापत होते. मग ऑपरेशनला तयार झाले.

दीड महिन्यानंतर तपासणीला मी सोबत गेलो. काका झकास चालून दाखवत होते. डॉक्टर खूश. तेवढ्यात काकांनी पिशवीतून बायकी चपला काढल्या, बाहेरच्या कडेला पार झिजलेल्या.

"यावरून हिचं सरळ किती होतं, ते तुमच्या मशीनला काढता येईल?"

"कुणाच्या या?"

"मिसेसच्या. बेचाळीस वर्षं ओरडलो तिच्यावर, सरळ चाल म्हणून."

डॉक्टरांनी चप्पल उलटी करून पाहिली. "नाही हो काका. त्यासाठी माणूस लागतो."

काकांनी चपला पुन्हा पिशवीत ठेवल्या. बाहेर पायऱ्यांवर मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही.

"तू हो फुडे," ते म्हणाले. "आयुष्यभर मीच पुढे. ती चालायची कशी, बघितलंच नाही रे कधी. नुसता आवाज आठवतो."