राजा-राणींच्या उदरमोहिमेची आणि जोडग्रंथाची बखर

ज्याच्या उदरास आजवर कोणा वैद्याने शस्त्र लाविले नाही आणि ज्याचे मोदक कोणी मोजिले नाहीत, त्या लंबोदरास वंदन करून लिहिणे ऐसे जे, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीचे दिवशी भर दुपारी, राज्यात सर्वत्र शांतता असता, स्वयंपाकघरात डब्याचे झाकण टणकन वाजले. राज्याचे नाव सांगावयाची आज्ञा नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन दालने, एक सज्जा आणि खाली गाडी उभी करण्यापुरती आखलेली जागा, इतुकाच मुलूख. परंतु राजे निरंजनराव आणि राणी केतकीबाई यांचा अंमल सुखाचा होता. ते समयी साडेचार वर्षांची राजकन्या जुई निजली होती, आणि ती निजली म्हणजे जी घटका हाती लागे तीत राणीसाहेब एक हात तिच्या पाठीवर ठेवून दुसऱ्या हाताने ग्रंथ लिहीत. झाकण वाजताच त्या हात अलगद काढून उठल्या आणि पाहतात तो राजे, घरबसल्या चालविलेला कचेरीचा कारभार सोडून, लाडवांच्या डब्यात नाक घालून उभे! "काय चाललंय?" "खात नाहीये गं, हुंगतोय." "सव्वा वर्ष झालं, अजून हुंगायचं सुटत नाही?" तेव्हा राजे बोलिले, "नाकाचं ऑपरेशन कुठं केलंय आपण?"

तरी ऑपरेशन कशाचे, ते सांगणे प्राप्त. मागे राजांचे वजन एकशे बत्तीस किलो होते आणि राणीसाहेबांचे एकशे आठ. राजे बसले की त्यांच्याआधी खुर्ची बोलत असे. राणीसाहेब बागेत राजकन्येमागे धावल्या तर चार पावलांत दम लागून बाकावर टेकत आणि राजकन्या घसरगुंडीवर एकटीच चढत असे, हे त्यांच्या जिवास फार लागले. मग पथ्ये केली, आणि काढे घेतले, आणि लिंबू-मध जाहला, सर्व फौजा हरून माघारी आल्या. मग वैद्यराजांशी मसलत केली आणि श्रावणमासी आधी राणीसाहेब, पंधरा दिवसांनी राजे, मेजावर निजले. आणि वैद्यराजांनी पोटास पाच छिद्रे पाडून, दुर्बीण आत धाडून, जठराचे चार वाट्यांतले तीन छाटिले व एक राखिला. मग ज्या राजांनी स्वतःच्या लग्नात पैजेने एकवीस जिलब्या मारिल्या, ते औषधाच्या टोपणाने पाणी पिते जाहले. पुढे पातळ, मग कालवलेले, मग अर्धी पोळी ऐसे चढत चढत राजे चौऱ्यायशीवर उतरले आणि राणीसाहेब सदुसष्टावर.

परंतु या मोहिमेची खबर दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या राजमाता शरयूबाई यांस दिली नव्हती. त्यांस सांगितले की निसर्गोपचारास जातो, आणि मागाहून सांगितले की चालून उतरले. राजमातांकडे दर रविवारी पंगत, आणि आग्रह ऐसा की नको म्हणणारा दुप्पट जेवे. सबब राणीसाहेब पर्समध्ये प्लास्टिकची पिशवी नेत, राजे पोळीची घडी घालून तीत सरकवीत आणि राजकन्या दारात पहारा करी. ऐसे बरे चालले असता एके रविवारी राजमातांच्या जिन्यात शेजारच्या सबनीसांची सून अर्चना भेटली, गुडघ्यास पट्टा आणि डोळ्यांत पाणी. म्हणाली, "वहिनी, मीही सहा महिने रोज चालतेय हो. तुमचं उतरलं, माझंच का नाही उतरत?" राणीसाहेब "उतरेल, उतरेल" म्हणाल्या, परंतु त्यांस दोन दिवस अन्न गोड लागेना. मग त्यांनी मनी धरिले की खरे ते लिहावे, दोघांनी मिळून लिहावे; विषम प्रकरणे राजांनी, सम राणीसाहेबांनी, आणि सर्व सिद्ध होईतो एकमेकांचे वाचू नये. राजांनी करार आनंदे मान्य केला.

त्या पंचमीस प्रकरणे सिद्ध जाहली ऐसे ठरवून, लाडवांचा डबा बंद करून, उभयतांनी बाडांची अदलाबदल केली. राणीसाहेब वाचू लागल्या, तो पहाटेचे तारे, नवे बूट, टेकडी, निर्धार, पुन्हा टेकडी. पाने उलटली तरी टेकडी उतरेना. "निरंजन, यात ऑपरेशन कुठंय?" "येईल ना पुढं." "चाळीस पानं झाली, तू अजून वरच आहेस!" "अगं, वातावरणनिर्मिती असते ती." "ऑपरेशनच्या पुस्तकात ऑपरेशन नाही! माझ्या दुसऱ्या प्रकरणात तुझ्या पोटाला टाके आहेत आणि तुझ्या तिसऱ्यात तू मॅरेथॉनला निघालायस. वाचणाऱ्याला वाटेल बाईनं दोन नवरे केलेत." यावर राजे हसले, आणि मग हसू उतरून ओट्यास टेकून उभे राहिले, आणि हळूच बोलिले, "आईला काय सांगू? तू जन्मभर भरवलंस ते पोट मी कापून टाकलं, असं सांगू?" राणीसाहेबांचा राग तेथेच निवाला. परंतु त्या म्हणाल्या, "आणि अर्चनाचे गुडघे? खरं नसेल लिहायचं तर नकोच छापायला. मी माझी पानं फाडते."

तिसरे दिवशी रविवार आला आणि पंगत बसली आणि राजांनी पिशवी दूर सारून खिशातून पाने काढिली आणि मातेसमोर राणीसाहेबांचे दुसरे प्रकरण वाचिले, कारण त्यांचे स्वतःचे अद्याप टेकडीवरच होते. राजमातांच्या हातातला आमटीचा डाव अधांतरी राहिला. "कापलं?" "हो." "किती?" "चारातलं तीन." "अरे मेल्या! आणि तू चालून वाळलास म्हणून मी सबनीसांच्या सुनेला इतके महिने हाकतेय! तिचे गुडघे मी मोडले की रे!" "आई, ऐक—" "गप्प बस. आणि त्या पोळ्या? ताट चकचकीत करून उठायचास, त्या?" राणीसाहेबांनी निमूटपणे पिशवी पुढे ठेविली. राजमातांनी ती पाहिली आणि पाठ फिरवून आत गेल्या, आणि आत फळीवरचे डबे सरकल्याचा आवाज तेवढा येत राहिला, आणि राजे मान खाली घालून बसले, एकवीस जिलब्यांचा पुरुष, पण चेहरा पोराचा जाहला. मग राजमाता बाहेर आल्या तो हाती चांदीची एवढीशी वाटी, राजांच्या उष्टावणास पहिला घास भरविला तीच, आणि तीत गुरगुट्या वरणभात. "एवढंच बसतं हे आधी सांगायचं होतं. सदतीस वर्षांपूर्वी एवढंच बसत होतं, तेव्हा मी काय रडत बसले होते?" डोळे मात्र पदराने पुसले. "राग आहे माझा. तो आहेच. तू जेव आधी. आणि केतकी, उद्या त्या पोरीकडे मीच जाते, तू बरोबर चल." राजांनी चार घास घेतले आणि थांबले. राजमातांचा हात सवयीने भाताकडे गेला, आणि हवेत थांबला, आणि काही न वाढता माघारी आला. ऐसे त्या घराण्यात पूर्वी कधी जाहले नव्हते.

एवंच काय, की राजांनी टेकडीची चाळीस पाने छाटून अडीच राखिली, म्हणजे ग्रंथाच्याही उदरावर शस्त्र चालले. अर्चनेने पहिली प्रत मागून ठेविली. आणि उदर लहान जाहले तरी लपवाछपवी त्यात मावत नाही, ती आधी बाहेर काढावी, हे या हकिकतीचे सार. इतुके राणीसाहेब एके दुपारी शेवटल्या पानी लिहीत होत्या, तो राजकन्या निजेतून उठून मांडीत येऊन बसली आणि म्हणाली, "आई, तुझं कापलेलं पोट कुठं गेलं?" "तिकडंच राहिलं, दवाखान्यात." राजकन्येने बराच विचार केला आणि पुसती जाहली, "मग त्याला भूक लागली की कोण भरवतं?"