नानांचे साहेब

आमच्या शेजारचे दिलीपनाना मिक्सरला पेचकस लावून ऐकतात. खोटं नाही सांगत. आई चटणी वाटायला बसली की नाना कंपाउंडवरून विचारतात, "वहिनी, येऊ का?" आणि उत्तराच्या आधी आत. खिशातून हातभर लांब पेचकस काढायचा, टोक मिक्सरच्या बुडाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे बंद. आई बटण धरून उभी. अर्ध्या मिनिटाने निकाल.

"बुश गेलंय. दिवाळीपर्यंत चालेल."

आणि खरंच तो मिक्सर दिवाळीच्या आठ दिवस आधी बसला. आई अजून नानांनाच दोष देते. म्हणते, बोलले नसते तर चालला असता.

नाना म्हणजे दीपनगरच्या वीज केंद्रात तीस वर्षं टर्बाइनवर. तिथे बेअरिंगला असाच दांडा लावून ऐकायचे म्हणे, मीटर सांगायच्या आधी यांचा कान सांगायचा. मग रिटायर झाले आणि जळगावात आमच्या कॉलनीत आले. टर्बाइन तिकडेच राहिलं, कान घरी आला. आता तो कान दिवसभर काम शोधत हिंडतो. लोकांचे फ्रीज, पाण्याच्या मोटारी, एकदा तर कॉलनीच्या सत्यनारायणात भटजींचा माइक.

आणि हा माणूस बसत नाही. पेपर चालत वाचतात, पोहे खिडकीत उभं राहून खातात. आमच्याकडे पाच वर्षं येतायत, सोफ्याला त्यांची पाठ लागलेली मी बघितली नाही. बसायची एकच जागा, त्यांच्या लाल गाडीची ड्रायव्हर सीट.

आता त्या गाडीबद्दल. ती गाडी म्हणजे सहा सिलिंडरची, पेट्रोलची, परदेशी, आणि नानांच्या हातात यायच्या आधी दोन मालकांना कंटाळा आणलेली. लग्न केलं नाही, पोरंबाळं नाहीत, फंडाचे पैसे आले आणि सगळे तिच्यात गेले. नाना तिला गाडी म्हणत नाहीत. साहेब म्हणतात.

"साहेब अजून उठले नाहीत." "साहेबांना दहा मिनिटं गरम होऊ दे." "आज साहेबांचा मूड नाही, दुसऱ्या गिअरला कुरकुर करतायत."

सकाळी सहाला साहेब उठायचे. म्हणजे अख्खी कॉलनी उठायची. आमच्या भांड्यांच्या मांडणीतले पेले एकमेकांवर वाजायचे. मी चादर डोक्यावर घेऊन पडलेली आणि नाना खिडकीतून, "पोरी, ऐक, ऐक, खालचा आवाज ऐक. पोटातला. आला का?"

आला नाना, पोटातलाच आला, मला झोपू द्या.

पण हा सगळा गाजावाजा आठवड्यातून एकदाच रस्त्यावर यायचा, रविवारी, धुळ्यापर्यंत. बाकी सहा दिवस साहेब अंगणात नुसते गुरगुरून परत बंद व्हायचे. कारण साहेब पितात. चांगल्या रस्त्यावर लिटरला सहा. गावात विचारू नये. जळगाव-धुळे जाऊन-येऊन तीस लिटरच्या वर, आणि नानांची पेन्शन ही माणसाची पेन्शन आहे, साहेबांची नाही.

धुळ्याला देवपुरात नानांची मोठी बहीण असते, अक्का. नाना लहान असतानाच त्यांची आई गेली, त्यांना अक्कांनीच वाढवलं, त्यामुळे नानांचं माणूस म्हणजे काय ते अक्का. दोन वर्षांपासून अक्का विसरायला लागल्यात. आधी चष्मा, मग गॅसवरचा तवा, मग माणसं. आता नानांनाही ओळखत नाहीत. दुपारी तीन वाजले की पिशवीत एक लुगडं भरतात आणि गेटपाशी जाऊन उभ्या राहतात. एकच धोशा : माले घर जानं शे. त्यांचा मुलगा नरडाण्याला कंपनीत असतो, घरी सून वैशाली एकटी. ती समजावते, अहो अक्का, हेच तुमचं घर. अक्का गेटचे गज धरून हलवत राहतात, तळहात लाल होईपर्यंत.

एका रविवारी नानांना काही सुचलं नाही म्हणून त्यांनी अक्कांना पिशवीसकट साहेबांमध्ये बसवलं आणि गावाबाहेर लळिंग किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत चक्कर मारून आणली. परत आल्यावर अक्का गुपचूप उतरल्या, जेवल्या, झोपल्या. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच.

नानांची थिअरी तयार झाली. "साहेबांच्या आवाजात आहे ते, पोरी. तीस वर्षं मी आवाज ऐकलेत. त्या आवाजाने ती शांत होते. गाडीत एक शब्द बोलत नाही, नुसती समोर बघते."

रिक्षाने फिरवून बघितलं तर अक्का चालत्या रिक्षातून उतरायला निघाल्या. इकडे जळगावला आणून बघितलं तर पहिल्याच दिवशी घाबरून न्हाणीत जाऊन बसल्या. म्हणजे साहेब आणि लळिंग, हाच इलाज, आणि तो फक्त रविवारी. सोमवार ते शनिवार तीनच्या सुमाराला वैशालीचा फोन. नाना फोन स्पीकरवर टाकून अंगणात फेऱ्या मारायचे, फोनमधून गज हलल्याचा आवाज यायचा, तो मला कंपाउंडच्या अलीकडे ऐकू यायचा.

"रोज जायला पाहिजे," एक दिवस नाना म्हणाले. "साहेबांना विकायला पाहिजे." आणि चालत निघून गेले, पार चौकापर्यंत, पायात चप्पल नाही.

मग शोध सुरू झाला, आणि मी कॉलेज संपवून घरीच असल्यामुळे सगळा शोध माझ्या मोबाईलवर. मला तर मजाच. व्हिडिओ बघ, तुलना कर, नानांना पाठव, नाना खिडकीत हजर. अट एकच होती : खर्च कमी पाहिजे, पण गाडी 'जागी' पाहिजे. मी म्हटलं सीएनजी घ्या. एक चालवून बघितली. उतरल्यावर नाना म्हणाले, "चांगली आहे. पण ही गाडी नाही, ही रजेवर आहे." डिझेलवाली बघितली, तिच्या बॉनेटला भर शोरूममध्ये पेचकस लावला आणि सेल्समनला सांगितलं, "हिला खोकला आहे."

शेवटी इलेक्ट्रिक. मला आधीच वाटत होतं पण मी घाबरत होते, कारण तिला आवाजच नाही. टेस्ट ड्राइव्हला मी मागे बसले होते. बायपासला नानांनी पाय दाबला आणि माझं डोकं सीटला चिकटलं, नानांची टोपी मागे माझ्या मांडीवर.

"पोरी," नाना हळूच म्हणाले, "हिने तर उचलून टाकलं."

डोळे असे चमकत होते, मला वाटलं झालं, ठरलं. पण शोरूमला येऊन त्यांनी पेचकस बॉनेटला लावला. दहा सेकंद. वीस सेकंद. पेचकस दुसऱ्या कानाला लावला.

"काहीच नाही," म्हणाले. चेहरा पडलेला. "अक्काला काय ऐकवू मी?"

सेल्समन बिचारा उत्साहात. "सर, आपल्यात साउंडचं ऑप्शन आहे. स्पीकरमधून स्पोर्ट इंजिनचा आवाज येतो."

"रेकॉर्ड केलेला?"

"हो सर."

"म्हणजे जेवण नाही, नुसते ढेकर."

आठवडाभर नाना तळ्यात-मळ्यात. घेतली तर रोज जाता येईल, पण अक्का तिच्यात गप्प बसतील का? नाही घेतली तर अक्का फक्त रविवारी शांत, बाकी सहा दिवस गेटवर. मला सकाळी विचारायचे, संध्याकाळी तेच परत विचारायचे. मी म्हटलं, "नाना, न्या आणि बघा." म्हणाले, "आणि ती घाबरली तर? साहेब तर गेलेले असतील."

त्या गुरुवारी वैशालीचा फोन आला की अक्कांनी गेटच्या कडीत बोट चेमटवून घेतलंय. नानांनी फोन ठेवला आणि शोरूमला गेले.

साहेबांना नाशिकचा एक डॉक्टर घेऊन गेला. नानांनी त्याला दोन पानं लिहून दिली : सकाळी सहाच्या आधी उठवू नये, थंडीत घाई करू नये, दुसऱ्या गिअरला रागावू नये. डॉक्टरने नीट घडी करून खिशात ठेवली, चांगला माणूस होता. गाडी चौकातून वळली तरी नाना उभे. आवाज ऐकू येत होता तोवर ऐकत होते. मग ऐकू यायचं बंद झाल्यावरही थोडा वेळ.

नव्या गाडीच्या पूजेचं मात्र सांगितलंच पाहिजे. हे दिवस उन्हाळ्याचे, आणि आमच्याकडे उन्हाळा म्हणजे बिबडे, ज्वारीचे पापड. आईने पहाटे ज्वारीचा घाटा शिजवून समोरच्या रस्त्याच्या कडेला दोन खाटांवर जुन्या साड्या टाकून बिबडे थापलेले, शंभरेक तरी. खाटांच्या पुढेच उभ्या केलेल्या गाडीला हार, हळद-कुंकू, नारळ फुटला, चारही चाकांपुढे लिंबं. नाना आत बसले. आता गाडी पुढे घ्यायची, लिंबं चिरडायची, टाळ्या.

नानांनी बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. परत. काच खाली करून म्हणाले, "उठत नाहीये."

मी म्हटलं, "नाना, चालूच असेल."

"चालू असती तर ऐकू आली नसती का?" असं म्हणत त्यांनी नुसतं बघायला म्हणून पाय दाबला. गाडी चालू होती. आणि मागच्या गिअरला होती.

लिंबं चारही शाबूत. खाट एक मोडली. पांढऱ्याशुभ्र गाडीच्या ढुंगणावर ओले बिबडे आणि त्यावर आईची निळी साडी.

नाना उतरले, मागे गेले, काचेवरचा एक बिबडा सोलून काढला आणि खाल्ला.

"वहिनी," म्हणाले, "मीठ बरोबर आहे."

आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे नाना आमच्या अंगणात हजर, मोठ्या पातेल्यातला घाटा उभ्याने ढवळायला. तासभर ढवळला. मधेच पातेल्याला पेचकस लावायला गेले तेव्हा आई म्हणाली, "नाना, तो कानाला लावा नाहीतर चुलीत घालते," आणि तेव्हा कुठे भांडण मिटलं.

त्याच दुपारी धुळ्याला निघाले. मला म्हणाले, "चल ना. एकटं नको वाटतं." एरंडोल, पारोळा, सगळा रस्ता मोकळा, गाडी अशी पळणारी. मध्येच नाना, "घाबरली तर तू मागून तिचा हात धर." परत दहा किलोमीटरने, "धरशील ना?"

पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. अक्का गेटपाशी. बारीकशा, काखेत पिशवी, बोटाला पट्टी. वैशालीने दार उघडलं, नानांनी पुढची सीट पुसली, अक्का बसल्या. मी मागे सरकून हात तयार ठेवून बसले.

गाडी निघाली. टायरची सरसर आणि बस. नाना समोर बघत होते पण त्यांचं सगळं लक्ष डावीकडे. पांझरेचा पूल गेला. गर्दी गेली. हायवे लागला. अक्का समोर बघत होत्या.

मग बारीक आवाज आला. मला आधी कळलंच नाही कुठून.

"बरं झायं, डायवर. आज तुन्ही मोटार बोंबलत नही."

नानांचा पाय उचलला गेला, गाडी एकदम हळू झाली.

"इतला दिन तुले सांगी ऱ्हायनू," अक्का म्हणाल्या, "तुले ऐकूच येत नही."

नानांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. दर रविवारी. दोन वर्षं नाही तरी वर्षभर तरी, दर रविवारी.

"काय सांगी ऱ्हायनी, अक्का?" नानांनी विचारलं. "आते सांग."

"मन्हा भाऊ शे घर. धाकला शे. माय नही त्याले." अक्कांनी पिशवी मांडीवर नीट केली. "बठ्ठा दिन पयस, एक जागे बसत नही. मन्हाबिगर भाकरी खात नही. म्हनीसन म्हनस, लवकर चाल."

"चालस, अक्का."

"भूक्या व्हई तो."

"नही अक्का. जेवना तो. मी देखीसन उनू."

"खरं?"

"खरं."

अक्कांनी मान हलवली. बाहेर लळिंगचा डोंगर आला, जिथून नाना दर वेळी गाडी वळवायचे ते वळण आलं आणि मागे गेलं.

"तुले बहीन शे का रे, डायवर?"

नानांनी गाडी डावीकडच्या लेनमध्ये घेतली. मग म्हणाले, "शे."

"तिन्हाकडे जास का नही?"

"रविवारले जास. आते रोज जासू."

"जाय बाबा," अक्का म्हणाल्या. "ती वाट देखत व्हई."